दुसऱ्यांची फीड आपल्या साईटवर दाखवणं आणि पुन्हा प्रसिद्ध करणं (वर्डप्रेस, शेअर्ड होस्टिंग, मराठी मजकूर)

धरमपेठ_वाचनालय

नमस्कार मंडळी. धरमपेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाची साईट वर्डप्रेसवर आहे. साधं शेअर्ड होस्टिंग, सीपॅनेल (होस्टिंगचं नियंत्रण-पान), दिवसाला शे-दीडशे वाचक. तिच्यावर तीन गोष्टी आणायच्या आहेत. विदर्भातल्या चाळीसेक मराठी ब्लॉगांच्या नव्या नोंदी, वर्तमानपत्रांच्या पुस्तकविषयक पानांचे मथळे, आणि नागपूर जिल्ह्यापुरते हवामानाचे इशारे. शिवाय ब्लॉगांचं मिळून एकच फीड (नव्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी यादी, आरएसएस किंवा अ‍ॅटम नमुन्यातली) वाचकांना द्यावं असाही विचार आहे.

विचारायचं असं की, फीड आणायची कशी आणि किती वेळाने? मजकूर किती दाखवावा? मराठी मजकुराची काय काळजी घ्यावी? कायद्याने काय चालतं? वाचनालयाकडे प्रोग्रॅमर नाही, पण सांगितलेलं कोड फंक्शन्सच्या फाईलमध्ये नीट घालता येतं.

हिंगणा_टी_पॉइंट

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा: वाचक पान उघडतो त्या क्षणी कुणाचंही फीड आणायचं नाही. फीड आणणारं काम वेगळं, पान दाखवणारं काम वेगळं, आणि दोघांच्या मध्ये तुमच्या डेटाबेसात साठवलेली प्रत. चाळीसातला एक ब्लॉग जरी मंद सर्व्हरवर असला आणि पान उघडताना त्याची वाट पाहिली जात असेल, तर तुमचं पान दहा सेकंद लटकतं. शेअर्ड होस्टिंगवर एका वेळी मोजक्याच पीएचपी प्रोसेस चालतात. त्या सगळ्या अशा वाट पाहण्यात अडकल्या की अख्खी साईट बंद दिसते आणि दोष उगाच होस्टिंगवर जातो.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने परस्पर फीड आणायचा मार्ग बहुतेक वेळा बंदच असतो. दुसऱ्या डोमेनवरचं काही वाचायचं तर त्या सर्व्हरने ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हा हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) पाठवावा लागतो, आणि बहुतेक ब्लॉग तो पाठवत नाहीत. मग लोक मधल्या फुकट सेवेकडून फीड जेसनमध्ये (जावास्क्रिप्टला सहज वाचता येणारा नमुना) बदलून घेतात. अशा सेवा कधी मर्यादा घालतात, कधी बंदच होतात. याहू पाइप्स २०१५ मध्ये बंद झालं तेव्हा त्याच्यावर उभी असलेली कित्येक पानं एका दिवसात रिकामी झाली. काम तुमच्याच सर्व्हरवर ठेवा.

आणताना दर वेळी पूर्ण फीड मागू नका. पहिल्यांदा फीड आलं की उत्तरात दोन हेडर येतात, ‘ईटॅग’ आणि ‘लास्ट-मॉडिफाइड’. दोन्ही जसेच्या तसे साठवा. ईटॅगच्या भोवतीची अवतरणचिन्हं आणि पुढे डब्ल्यू-स्लॅश असेल तर तोही ठेवा, कारण ती चिन्हं काढून टाकली की तुलना कधीच जुळत नाही. पुढच्या वेळी हीच मूल्यं ‘इफ-नन-मॅच’ आणि ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ मध्ये पाठवा. नवं काही नसेल तर समोरचा सर्व्हर ३०४ (‘बदल नाही’) देतो, मजकूर येतच नाही.

हिशेब करून बघा. ४० फीड दर अर्ध्या तासाने म्हणजे दिवसाला १,९२० विनंत्या. एक फीड ८० केबी धरलं तर रोज सुमारे १५० एमबी. ब्लॉगावर आठवड्यात एखादी नोंद पडते, म्हणजे जवळपास सगळ्या विनंत्यांना ३०४ यायला हवा. तो आला तर हा आकडा काही एमबीवर येतो. तुमची बँडविड्थ वाचते आणि त्या ब्लॉगवाल्याचीही.

रामटेकी

फक्त मथळे दाखवायचे असतील तर वर्डप्रेसचा स्वतःचा आरएसएस ब्लॉक पुरतो. नोंदींची संख्या ठरवता येते, लेखक, तारीख आणि उतारा चालू-बंद करता येतो, उताऱ्याचे शब्द १० ते १०० च्या मध्ये ठेवता येतात. आतून तो ‘फेच-फीड’ हेच फंक्शन वापरतो, ते सिंपलपाय ही फीड वाचणारी लायब्ररी वापरतं, आणि कॅशे (आणलेली प्रत साठवून ठेवण्याचा काळ) १२ तासांचा असतो. म्हणून सकाळी पडलेली नोंद कधीकधी संध्याकाळपर्यंत दिसत नाही. तो बिघाड नव्हे. ‘डब्ल्यूपी-फीड-कॅशे-ट्रान्झिएंट-लाइफटाइम’ नावाचा फिल्टर आहे (खऱ्या नावात डॅशच्या जागी अंडरस्कोअर), त्यातून १,८०० परत केलं की अर्धा तास होतो. कॅशेचा आकडा सेकंदांत असतो हे लक्षात ठेवा.

पण चाळीस फीडसाठी हा ब्लॉक नको. कॅशे संपल्यावर जो पहिला वाचक येतो त्याच्याच वेळेत फीड आणली जातात, म्हणजे हिंगणा भाऊंनी वर सांगितलेलीच अडचण. त्यासाठी नोंदी आयात करणारा प्लगइन घ्या, किंवा वेगळ्या पोस्ट टाइपमध्ये साठवणारं थोडं कोड.

धरमपेठ_वाचनालय

धन्यवाद दोघांनाही. ‘वेगळं काम’ म्हणजे वर्डप्रेसचा क्रॉनच ना, ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा? आमच्याकडे रात्री अकरा ते सकाळी सहा कुणीच येत नाही. तेव्हा तो चालेल का?

हिंगणा_टी_पॉइंट

नाही चालणार. वर्डप्रेसचा क्रॉन कुणी पान उघडलं तरच जागा होतो. कॉन्फिगच्या फाईलमध्ये ‘डिसेबल-डब्ल्यूपी-क्रॉन’ ट्रू करा (इथेही अंडरस्कोअर) आणि सीपॅनेलच्या ‘क्रॉन जॉब्स’ मधून वर्डप्रेसची क्रॉनची फाईल पीएचपीच्या कमांडने चालवा. मिनिटाच्या खान्यात ०,३० लिहू नका; १७,४७ किंवा असंच काहीतरी आडमिनिट लिहा. जगातले अर्धे क्रॉन बरोबर शून्याव्या मिनिटाला सुटतात आणि त्याच वेळी लहान सर्व्हर ५०३ (‘सध्या सेवा देता येत नाही’) देतात.

एका फेरीत चाळीसही फीड ओढू नका. ज्यांची वेळ झाली आहे त्यातली दहा घ्या, बाकीची पुढच्या फेरीत. प्रत्येकाला १० सेकंदांची मुदत आणि आकाराची मर्यादा, समजा ५ एमबी. पॉडकास्टवाल्यांची काही फीड जुने सगळे भाग धरून बसतात आणि पीएचपीची मेमरी खातात.

सर्व्हरचं उत्तर काय आलं त्यावरून पुढे काय करायचं ते कोडमध्येच लिहून ठेवा. ३०१ किंवा ३०८ आलं तर साठवलेला पत्ता कायमचा बदला. ३०२ आलं तर फक्त या वेळेपुरतं तिकडे जा, पत्ता तोच ठेवा. ४१० म्हणजे मालकाने फीड जाणूनबुजून काढलं आहे, ते यादीतून काढून टाका आणि परत विचारू नका. ४२९ (‘फार विनंत्या’) किंवा ५०३ सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ आला तर तेवढे सेकंद किंवा त्या वेळेपर्यंत थांबा. बाकी चुकांना दर वेळी अंतर दुप्पट करत न्या, जास्तीत जास्त एक दिवस. आणि काहीही बिघडलं तरी शेवटची चांगली प्रत पुसू नका, तीच दाखवत राहा. हवामानाचे इशारे तेवढे याला अपवाद, त्याबद्दल दुसरं कुणी लिहील.

यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणारी तुमची ओळख) साईटचं नाव आणि संपर्काच्या पानाचा पत्ता घाला. ब्लॉगवाल्याला लॉगमध्ये तुम्ही दिसलात तर त्याने तुम्हाला गाठावं कसं? पत्ता नसलेला अनोळखी बॉट लोक सरळ बंद करतात, आणि ते योग्यच आहे.

धंतोली_ताई

मराठी मजकुराबद्दल लिहिते, कारण तयार प्लगइन इथे हमखास घसरतात.

उतारा कापणं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. पीएचपीचं साधं ‘सबस्ट्रिंग’ बाइट मोजतं, त्यामुळे कापलेल्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. वाईट म्हणजे तो अर्धवट बाइट पुढे जेसनमध्ये गेला तर एनकोडिंगच अपयशी होतं आणि सगळी यादी रिकामी दिसते. लोक मग ‘एमबी’वालं फंक्शन वापरतात. ते चिन्हं मोजतं, पण जोडाक्षर त्याला कळत नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या: व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी, अशी १० चिन्हं. आठव्यावर कापलं तर ‘विद्यार्’ उरतं, चौथ्यावर कापलं तर ‘विद्’. वाचनालयाच्या पानावर हे दिसू नये. म्हणून कापायचं ते शब्दांच्या मधल्या जागेवरच. वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी-ट्रिम-वर्ड्स’ हेच करतं, टॅगही काढतं. मूळ आकडा ५५ शब्दांचा आहे, तो ३० करा. मराठीत ३० शब्दांत विषय कळतो.

सफाई. ‘न दिसणारी चिन्हं काढा’ असा पर्याय बऱ्याच प्लगइनमध्ये असतो, तो झिरो-विड्थ जॉइनरही काढून टाकतो. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि जॉइनर. जॉइनर गेला की ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ असं रफार चढवलेलं रूप उरतं. तो पर्याय बंद ठेवा. काढायचीच असतील तर ०बी सारखी नियंत्रण-चिन्हं काढा, म्हणजे २० हेक्साच्या खालची, टॅब आणि ओळबदल सोडून. डीटीपीच्या फाईलमधून कॉपी केलेल्या मजकुरात ती येतात, एक्सएमएल १.० मध्ये ती चालतच नाहीत, आणि त्या एका चिन्हामुळे अख्खं फीड वाचता येत नाही.

जुने फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टाइप केलेला मजकूर यूनिकोड नसतो, तो त्या फॉन्टशिवाय कचऱ्यासारखा दिसतो. फीडबरोबर फॉन्ट येत नाही. अशा नोंदी आपोआप ओळखायच्या तर मथळ्यातली किती टक्के चिन्हं देवनागरीच्या पट्ट्यात, म्हणजे ०९०० ते ०९७एफ मध्ये आहेत ते मोजा. फारच कमी असली तर नोंद बाजूला ठेवून माणसाने बघावी. इंग्रजी मथळेही त्यात अडकतील, म्हणून आपोआप फेकून देऊ नका.

डेटाबेसचं टेबल ‘यूटीएफ-८-एमबी-४’ असू द्या. मराठीला तीन बाइट पुरतात, पण ब्लॉगवाले मथळ्यात इमोजी घालतात. ते चार बाइटचं असतं आणि जुन्या ‘यूटीएफ-८’ टेबलात ती नोंद एकतर तिथेच कापली जाते किंवा साठवलीच जात नाही.

कॉटन_मार्केट

ताईंच्या यादीत तारीख जोडतो. आरएसएस २.० मधली तारीख आरएफसी ८२२ च्या नमुन्यात असते. त्या नमुन्यात जीएमटी आणि अमेरिकेतल्या काही पट्ट्यांची नावं चालतात, ‘आयएसटी’ चालत नाही. तरी आपल्याकडच्या हाताने बनवलेल्या फीडमध्ये ‘आयएसटी’ सर्रास दिसतं. हीच अक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, त्यामुळे वाचणारी लायब्ररी कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नाही. ज्या फीडमध्ये हे दिसेल त्याला वाचण्याआधीच +०५३० करून घ्या.

दुसरा प्रकार जास्त त्रास देतो. सर्व्हर भारतीय वेळ लिहितो आणि पुढे जीएमटी चिकटवतो. नोंद साडेपाच तास भविष्यात जाते आणि तोवर तुमच्या यादीच्या डोक्यावर बसून राहते. नियम सोपा ठेवा: तारीख आत्ताच्या पुढची असेल तर तुम्ही नोंद पहिल्यांदा पाहिली ती वेळ वापरा. तारीखच नसेल तरी तेच. साठवताना यूटीसी, दाखवताना एशिया-कोलकाता.

रामटेकी

दुहेरी नोंदींचं कुणी लिहिलं नाही अजून. ओळख ‘गुइड’वरून (फीडमधलं नोंदीचं ओळखपद) ठेवायची, अ‍ॅटममध्ये ‘आयडी’वरून, आणि सोबत फीडचा क्रमांक जोडायचा, कारण काही लोक गुइडमध्ये नुसतं १, २, ३ लिहितात आणि दोन ब्लॉगांचे १ एकमेकांवर आदळतात. गुइड नसेल तर दुवा, त्यातला यूटीएम वगैरे मागोवा घेणारा भाग कापून. मथळ्यावरून ओळखू नका. ‘संपादकीय’ नावाच्या नोंदी दर आठवड्याला येतात.

गुइडमध्ये पूर्ण पत्ता असलेली साईट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली की काही फीडमध्ये सगळे गुइड बदलतात आणि जुन्या दहा-वीस नोंदी ‘नव्या’ म्हणून येऊन कोसळतात. एकाच फेरीत एका फीडच्या सगळ्याच नोंदी नव्या निघाल्या तर प्रसिद्ध न करता थांबवून ठेवा आणि बघा.

उलटा धोकाही आहे. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या १० नोंदीच असतात. वर्तमानपत्राची साईट तासाभरात त्याहून जास्त टाकते, तेव्हा दोन फेऱ्यांच्या मधल्या नोंदी हातून निसटतात. अशा ठिकाणी मुख्य फीडऐवजी विभागाचं फीड घ्या. पुस्तकांच्या विभागाच्या पत्त्यापुढे स्लॅश-फीड लावून बघा, वर्डप्रेस असेल तर मिळतं.

सिव्हिल_लाइन्स_वकील

कायद्याचं सांगतो. फीड उघडं ठेवलं आहे म्हणजे वाचायला दिलं आहे. पूर्ण लेख दुसऱ्या साईटवर छापायला दिला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(क) खाली खाजगी उपयोग, संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन यासाठी न्याय्य वापराला मुभा आहे. मथळा, दोन-तीन ओळी, लेखकाचं नाव आणि मूळ दुवा एवढं ठेवलंत तर तुम्ही भक्कम जागेवर असता. पूर्ण लेख उचललात की नसता.

वर्तमानपत्रातले लेख पुन्हा छापायला कलम ५२(१)(ड) मुभा देतं असं कुणी सांगण्याआधी तो खंड, मूळ इंग्रजी मजकुरातला ‘एम’, वाचा. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख वृत्तपत्र-नियतकालिकात पुन्हा छापायला मुभा आहे, पण लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तरच. बहुतेक वर्तमानपत्रांच्या साईटवर ‘सर्व हक्क राखीव’ लिहिलेलं असतं, आणि पुस्तक-परीक्षण या विषयांत बसेल असंही नाही. त्यावर विसंबू नका.

कलम ५७ लोक विसरतात. हक्क विकले तरी लेखकाला आपलं नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार राहतो. म्हणून उतारा असा कापू नका की ‘नाही’ गळून वाक्याचा अर्थ उलटेल. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

ब्लॉगांसाठी सरळ परवानगी मागा. चाळीस ईमेल ही मोठी गोष्ट नाही. त्यात स्पष्ट लिहा: फक्त मथळा आणि ३० शब्द दाखवू की पूर्ण मजकूर, चित्रं घेऊ की नाही, एकत्र फीडमध्ये जाईल का, आणि नको म्हटलं तर किती तासांत काढू. आलेलं उत्तर जपून ठेवा. ज्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स लावलं आहे त्यांचं परवान्याचं नाव बघा. ‘एनडी’ असेल तर बदल करून दिलेलं रूप चालत नाही, ‘एनसी’ असेल आणि पानावर जाहिराती असतील तर वाद ओढवून घेणं आहे. फोटो नेहमी वेगळा धरा, तो बऱ्याचदा वृत्तसंस्थेचा असतो आणि ब्लॉगवाल्याची परवानगी त्याला लागू होत नाही.

सरकारी साईटवर ‘कॉपीराइट धोरण’ नावाचं पान असतं. काही ठिकाणी स्रोत ठळक दाखवून पुन्हा छापायला मुभा असते, काही ठिकाणी आधी ईमेल करून परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक साईटचं वेगळं वाचा.

धरमपेठ_वाचनालय

वकील साहेब, फार उपयोगी. मग ठरलं असं समजतो: वर्तमानपत्रांचा फक्त मथळा, ब्लॉगांचा मथळा आणि ३० शब्द, चित्र नाही. हवामानाचं कुणी सांगाल का? नवतपा, त्यामागून जूनमधल्या विजा, त्या दिवसांत याचीच जास्त विचारणा होते.

कोराडी_रोड

हवामानासाठी बातम्यांचं फीड वापरू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ पोर्टल आहे, त्यावर कॅप (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, इशारे देण्याचा ठरलेला नमुना) पद्धतीच्या इशाऱ्यांचं आरएसएस फीड मिळतं. कॅपची १.२ आवृत्ती ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये मंजूर केली. विदर्भाचे अंदाज आणि इशारे हवामान खात्याच्या नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून निघतात, त्यांच्या पानाचा दुवाही शेजारी द्या.

कॅपमध्ये इशाऱ्यासोबत सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ देता येते. ‘एक्स्पायर्स’ उलटली की इशारा पानावरून गेलाच पाहिजे, पुढची फेरी होवो न होवो. म्हणून ही तपासणी पान दाखवताना करा आणि त्या पानाला पेज-कॅशेमधून वगळा. नाहीतर तुम्ही कोडमध्ये इशारा काढाल आणि कॅशे प्लगइन दुपारचं पान रात्रीपर्यंत वाटत बसेल. ‘मेसेज-टाइप’ बघा: ‘अपडेट’ आला तर ‘रेफरन्सेस’ मध्ये दिलेला जुना इशारा बदला, ‘कॅन्सल’ आला तर काढा. हे न करणाऱ्या साईटवर एकाच वादळाचे चार परस्परविरोधी इशारे एकाखाली एक दिसतात. एकाच इशाऱ्यात वेगवेगळ्या भाषांचे ‘इन्फो’ भाग असू शकतात. मराठी असेल तर तो घ्या, नसेल तर आहे तो तसाच दाखवा. इशाऱ्याचं यंत्राने भाषांतर करून लावू नका.

वर शेवटची चांगली प्रत दाखवत राहा असं म्हटलंय, ते इथे लागू नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, फीड आलं नाही तर ‘सध्या कोणताही इशारा नाही’ असं लिहून येता कामा नये. ‘इशारे शून्य आहेत’ आणि ‘आम्हाला कळलेलं नाही’ या दोन वेगळ्या अवस्था कोडमध्ये वेगळ्या ठेवा. तासाभरात यशस्वी फेरी झाली नसेल तर ‘ताजी माहिती मिळालेली नाही, मूळ पान बघा’ असं लिहून दुवा द्या. वीज पडण्याचा इशारा असताना शेतावर निघालेला माणूस तुमच्या पानावर विसंबून असू शकतो. या फीडची फेरी १० मिनिटांची ठेवा (म्हणजे वरच्या अर्ध्या तासाच्या क्रॉनहून वेगळा क्रॉन जॉब), आणि इशारा कधी निघाला ती वेळ प्रत्येकावर छापा.

महाल_कट्टा

सुरक्षेचं राहिलं. फीडमधला मजकूर म्हणजे परक्याचं एचटीएमएल. ज्या दिवशी चाळीसातला एक ब्लॉग हॅक होईल त्या दिवशी त्याच्यातलं स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालेल. सिंपलपाय काही धोकादायक टॅग काढतं, तरी छापताना परत गाळा. उतारा साधा मजकूर म्हणून ‘ईएससी-एचटीएमएल’ मधून, दुवा ‘ईएससी-यूआरएल’ मधून. दुवा एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो का तेही बघा, ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा दुवाही फीडमध्ये येऊ शकतो. आरएसएसच्या मथळ्यात एचटीएमएल आहे की साधा मजकूर हे नमुन्यात स्पष्ट नाही, त्यामुळे मथळा कायम साधा मजकूर धरा. अ‍ॅटममध्ये ‘टाइप’ लिहिलेला असतो.

वाचकांना स्वतःच्या ब्लॉगाचा पत्ता फॉर्ममध्ये भरू देणार असाल तर आणणारं कोड अंतर्गत पत्त्यांवर जाणार नाही हे बघा, म्हणजे लोकलहोस्ट, १९२.१६८ ने सुरू होणारे, १६९.२५४.१६९.२५४. वर्डप्रेसचं ‘फेच-फीड’ यासाठी सुरक्षित विनंती वापरतं, पण १६९.२५४ ने सुरू होणारे पत्तेही ती अडवते असं धरून चालू नका. स्वतः कर्लने लिहिलंत तर जबाबदारी तुमची, आणि रीडायरेक्टनंतरचा पत्ताही तपासायचा. चित्रं घेत नाही हे उत्तमच. परक्या सर्व्हरवरची चित्रं थेट दाखवली तर तुमच्या प्रत्येक वाचकाचा आयपी तिकडे जातो, आणि उताऱ्यात एक पिक्सेलचं चित्र लपलेलं असतं ते वेगळंच.

हिंगणा_टी_पॉइंट

एकत्र फीडबद्दल. ते अ‍ॅटममध्ये काढा, आरएफसी ४२८७. त्यात ‘सोर्स’ नावाचा भाग आहे, त्यात मूळ फीडचं नाव, आयडी आणि दुवा राहतो. नोंदीचा मूळ आयडी तसाच ठेवा. नवा घातलात तर जो वाचक तो ब्लॉग थेट वाचतो आणि तुमचंही फीड घेतो, त्याच्या रीडरला दोन्ही नोंदी एकच आहेत हे कळायला मार्गच उरत नाही. लेखकाचं नाव प्रत्येक नोंदीत, नाहीतर सगळं वाचनालयाच्या नावावर दिसतं. आरएसएसच हवं असेल तर तिथेही ‘सोर्स’ आहे, मूळ फीडच्या पत्त्यासकट.

आयात केलेल्या नोंदींची स्वतंत्र पानं तयार होऊ देऊ नका. मथळ्यावर टिचकी मारली की वाचक थेट मूळ ब्लॉगवर गेला पाहिजे. प्लगइन पानं बनवतच असेल तर त्यांना ‘नोइंडेक्स’ (शोधयंत्राने पान यादीत घेऊ नये अशी खूण) लावा. मूळ पान कोणतं ते सांगणाऱ्या नुसत्या कॅनॉनिकल टॅगवर भागवू नका, दुसऱ्या डोमेनवर पुन्हा छापलेल्या मजकुरासाठी गूगलही आता नोइंडेक्सच सुचवतं. ब्लॉगवाल्याच्या लेखाच्या शोधात तुमचं पान त्याच्या वर आलं तर परवानगी देऊनही तो दुखावेल.

आता दुरुस्त्या आणि काढलेल्या नोंदी. लेखकाने मथळा बदलला तर फीडमध्ये तोच गुइड नव्या मजकुरासह येतो. तुमचं कोड ‘आधीच आहे’ म्हणून सोडून देत असेल तर चुकीचा मथळा तुमच्याकडे कायम राहतो. म्हणून मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, मजकूर बदलला की बदलते) साठवा, हॅश बदलला की नोंद बदला, पण तिला ‘नवी’ म्हणून वर आणू नका. काढून टाकलेली नोंद मात्र फीडमधून नुसती नाहीशी होते, आणि ती जुनी होऊन खाली सरकली की काढली हे फीडवरून ओळखता येत नाही. अ‍ॅटमसाठी आरएफसी ६७२१ मध्ये ‘डिलीटेड-एंट्री’ची सोय आहे, पण ब्लॉग ती क्वचितच वापरतात. त्यामुळे पानावर दिसणाऱ्या नोंदींचे मूळ दुवे दिवसातून एकदा ‘हेड’ विनंतीने (पान न मागता फक्त हेडर मागणारी) तपासा. ४१० आला तर लगेच काढा, ४०४ दोन दिवस सलग आला तर काढा. लेखकाने मागे घेतलेलं लिखाण तुमच्याकडे टांगलेलं राहिलं तर त्याने दिलेल्या परवानगीला काय अर्थ?

धंतोली_ताई

तपासता येतील अशा नोंदी कमीच ठेवा मग. प्रत्येक ब्लॉगाच्या शेवटच्या पाच, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी एकही नाही. ४० ब्लॉगांच्या जास्तीत जास्त २०० नोंदी होतात, तेवढ्या ‘हेड’ विनंत्या रात्री सहज होतात. काही सर्व्हर ‘हेड’ला ४०५ (‘ही पद्धत चालत नाही’) देतात, तिथे साधी ‘गेट’ पाठवायची, त्यावरून नोंद काढायची नाही.

धरमपेठ_वाचनालय

शेवटचं विचारतो. यादीतले बरेच ब्लॉग ब्लॉगरवर आहेत आणि काहींचं फीड सापडत नाही. दोन फीड ब्राउझरमध्ये उघडतात, पण सिंपलपायला वाचता येत नाहीत.

रामटेकी

ब्लॉगरवर पत्त्यापुढे ‘फीड्स/पोस्ट्स/डिफॉल्ट’ लावा (इंग्रजी अक्षरांत), अ‍ॅटम मिळतं. पुढे प्रश्नचिन्ह लावून ‘ऑल्ट=आरएसएस’ जोडलं तर आरएसएस. शेवटी स्लॅश, डॅश, स्लॅश आणि लेबलचं नाव लावलं तर फक्त त्या लेबलच्या नोंदी येतात, मराठी लेबल यूआरएल-एनकोड करून. तरी रिकामं आलं तर मालकाने सेटिंग्जमध्ये ब्लॉग फीड ‘नाही’ केलेलं असतं. त्यांना ईमेलमध्येच ‘संक्षिप्त’ करायला सांगा, तुम्हाला तेवढंच लागतं. इतर साईटवर पानाचा सोर्स उघडून ‘रेल’ला ‘ऑल्टरनेट’ असलेला लिंक टॅग शोधा.

ते दोन फीड डब्ल्यू३सीच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघा. बहुधा ‘एक्सएमएल डिक्लरेशन सुरुवातीलाच हवं’ अशी चूक येईल. त्या ब्लॉगाच्या थीममधल्या एखाद्या फाईलच्या आधी किंवा शेवटी एक रिकामी ओळ उरलेली असते आणि ती फीडच्या डोक्यावर छापली जाते. ब्राउझर कधीकधी चालवून घेतो, काटेकोर पार्सर नाही. तुमच्या बाजूने फीड वाचण्याआधी सुरुवातीची मोकळी जागा आणि बीओएम (फाईलच्या सुरुवातीचं न दिसणारं चिन्ह) कापा, आणि ब्लॉगवाल्याला चूक कुठे आहे ते कळवा. दुसरं कारण मथळ्यातलं उघडं अँपरसँड, ते व्हॅलिडेटर ओळ क्रमांकासह दाखवतो. ते मात्र तुमच्याकडे आपोआप बदलू नका, कारण बरोबर एस्केप केलेलं दुसरं अँपरसँड त्याच झटक्यात दोनदा एस्केप होतं आणि वाचकाला मथळ्यात ‘एएमपी’ दिसतं.